व्हायरसांची पृष्ठीय ग्लायकोप्रथिने

काही व्हायरसांच्या कणांभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ वेष्टन असते. या वेष्टनात मूळ रोवलेल्या, बाहेरच्या बाजूस खिळ्यांसारख्या उभ्या असलेल्या आणि शर्करांच्या शाखा जोडलेल्या प्रथिनांना पृष्ठीय ग्लायकोप्रथिने म्हणतात. पोषक कोशिकेला (व्हायरसाला आश्रय देणाऱ्या पेशीला) चिकटणे आणि तिच्या पटलाशी व्हायरसाच्या वेष्टनाचे संमीलन घडवून आतील आनुवंशिक द्रव्याला वाट करून देणे, ही त्यांची दोन मुख्य कार्ये होत. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला व्हायरसाचा जो भाग प्रथम दिसतो तोही हाच. म्हणून अशा व्हायरसांविरुद्धच्या बहुतेक लशींचा रोख या प्रथिनांवर असतो. इन्फ्ल्यूएंझा, गोवर, अलर्क रोग, चंडिपुरा ज्वर, कोविड–१९ आणि कोंबड्यांचा राणीखेत रोग या सर्वांच्या व्हायरसांवर अशी प्रथिने आढळतात. [→ व्हायरस].

व्हायरसाजवळ प्रथिने बनविण्याची स्वतःची यंत्रणा नसते. तो फक्त मजकूर घेऊन येतो. छापखाना, कागद व टपालखाते ही सर्व पोषक कोशिकेची असतात. पृष्ठीय ग्लायकोप्रथिनाचा रेणू कोशिकेच्या आत तयार होतो, तेथे त्याची घडी पडते, त्यावर शर्करा चढतात, तपासणी होते आणि मगच तो पुढे पाठविला जातो. बाहेर पडणारा नवा व्हायरस कण त्याला बरोबर घेऊन जातो. म्हणून या प्रथिनाच्या जनुकात (आनुवंशिक घटकात) उत्परिवर्तन (एकाएकी घडून येणारा आनुवंशिक बदल) झाले, तर त्या बदलाला दोन कसोट्यांतून जावे लागते : पहिली कोशिकेच्या आत, वहनाच्या मार्गावर, दुसरी बाहेर, नव्या पोषकाच्या शरीरात. चर्चा बहुधा दुसरीचीच होते. वस्तुतः प्रथिनाची घडी बिघडविणारी उत्परिवर्तने पहिल्या कसोटीतच बाद होतात व त्यांचा कोणाला पत्ताही लागत नाही.

रिबोन्यूक्लिइक अम्ल (आरएनए) हे आनुवंशिक द्रव्य असलेल्या व्हायरसांत उत्परिवर्तने विशेष होतात. त्यांची नक्कल करणारे एंझाइम सामान्यतः केलेली चूक परत तपासून पाहत नाही, सु. १० हजार ते १० लाख अक्षरांमागे एक चूक होते असे मानले जाते. (कोरोनाव्हायरसांत चूक दुरुस्त करण्याची थोडी सोय असते.) राणीखेत रोगाच्या व्हायरसाचा संपूर्ण मजकूर सु. १५ हजार अक्षरांचा आहे. त्यामुळे एकाच पक्ष्याच्या शरीरात वाढलेले सर्व कण तंतोतंत सारखे असतात असे नसते.

कर्जत–खालापुरातील मानमोडी : रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहेत. मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने येथे मांसासाठी कोंबड्या वाढविणाऱ्या शेडी आहेत. तथापि ठाकूर व कातकरी यांच्या वाड्यांवरील कुक्कुटपालन अगदी वेगळे असते. घरी चार-दोन गावठी कोंबड्या असतात. त्या दिवसा अंगणात, शेतात व रानाच्या कडेला चरतात आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जातात. त्यांच्यावर वेगळा खर्च फारसा होत नाही, पण अडीअडचणीला एखादी विकून औषधपाण्याची किंवा बाजाराची गरज भागते. या कोंबड्यांचा एक मोठा शत्रू म्हणजे राणीखेत रोग. त्याला मानमोडी म्हणतात व हे नाव यथार्थ आहे, कारण रोगाने तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) पकडले की पक्ष्याची मान मुरडते, पंख व पाय लुळे पडतात. हिरवट पातळ हगवण, धाप लागणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे ही इतर लक्षणे होत. लस न दिलेल्या कळपात उग्र व्हायरस शिरला, तर काही दिवसांत बहुतेक कोंबड्या मरतात आणि घरातील हे छोटेसे भांडवल नाहीसे होते.

हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रथम नोंदला गेला. त्यामुळे जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे त्यानंतर लवकरच तो ओळखला गेला व त्या गावाचे नाव आपल्याकडे रूढ झाले. याच व्हायरसाचे काही प्रभेद (उपप्रकार) मात्र इतके सौम्य असतात की, ते पिलाच्या डोळ्यात थेंबाने घालून लस म्हणून वापरले जातात. अख्खे खुराडे रिकामे करणारा व्हायरस आणि त्यापासून वाचविणारा व्हायरस हे एकाच जातीचे होत. त्यांतील भेद मुख्यत्वे एका पृष्ठीय ग्लायकोप्रथिनाच्या जेमतेम सहा ॲमिनो अम्लांच्या पट्ट्यात आहे, हे कळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

या व्हायरसाच्या वेष्टनावर दोन प्रकारची ग्लायकोप्रथिने असतात. हीमॅग्लुटिनीन–न्यूरामिनिडेज (एचएन) हे पक्ष्याच्या कोशिकेवरील सियालिक अम्लयुक्त शर्करांना चिकटते आणि नवे कण बाहेर पडताना तीच शर्करा तोडून त्यांना मोकळे करते. संमीलन प्रथिन (एफ) दोन पटले एकत्र आणते. ते ५५३ ॲमिनो अम्लांचे असून त्याचे तीन रेणू मिळून एक खिळा बनतो. ताण देऊन ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखे एफचे काम चालते. एचएन पोषक कोशिकेला चिकटले की कमान सुटते, एफची घडी आमूलाग्र बदलते, त्याचे दडलेले टोक समोरच्या पटलात रुतते आणि दोन्ही पटले एकमेकांत मिसळतात. अशी कमान ताणून ठेवणे व योग्य क्षणापर्यंत न सुटू देणे यासाठी रेणूची घडी अतिशय काटेकोर असावी लागते.

घडण व वहन : या प्रथिनांची साखळी रायबोसोमांवर विणली जात असतानाच अंतःप्राकल जालिकेच्या (कोशिकेतील पटलमय नळ्या व पिशव्यांच्या जाळ्याच्या) पटलातून आत सरकू लागते. साखळीत ॲस्परजीन, मग प्रोलीन सोडून कोणतेही एक, मग सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम आला की, त्या ॲस्परजिनावर १४ शर्करा घटकांची तयार शाखा एकदम बसविली जाऊ शकते. पाठोपाठ सिस्टीन या गंधकयुक्त ॲमिनो अम्लांच्या जोड्यांत बंध पडून घडी पक्की होते.

या शर्करांचे कार्य दुहेरी आहे. त्या जलस्नेही असल्यामुळे अर्धवट घडीचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होणे टळते. शिवाय त्या तपासणीच्या चिठ्ठीसारख्या वापरल्या जातात. शाखेच्या टोकावरील तीन ग्लुकोजांपैकी दोन काढले गेले की, कॅलनेक्सिन व कॅलरेटिक्युलिन ही मदतनीस प्रथिने रेणूला धरून ठेवतात. शेवटचे ग्लुकोज निघाले की तो सुटतो. घडी अद्याप अपुरी असेल, तर एक एंझाइम ते ओळखून ग्लुकोज पुन्हा जोडते व रेणू परत मदतनिसांच्या हाती जातो. बऱ्याच फेऱ्यांनंतरही न सुधारणारा रेणू जालिकेबाहेर ओढून काढून तोडून टाकला जातो. घडी पुरी झालेले रेणू लहान पिशव्यांत भरून गॉल्जी यंत्रणेकडे पाठविले जातात. तेथे शर्करांची काटछाट व भर होते आणि शेवटच्या टप्प्यात काही प्रथिनांची ठराविक ठिकाणी कापणी होते. या कापणीचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

उत्परिवर्तन कोठे कोठे घाव घालू शकते हे यावरून ध्यानात येईल. बंधातील एक सिस्टीन गेले तर घडीचा टाका उसवतो. शर्करास्थानातील एक अक्षर बदलले तर तेथे चिठ्ठीच लागत नाही. उलट नवे स्थान निर्माण झाले तर प्रतिपिंडांना (प्रतिकारक प्रथिनांना) ओळखता येणारा भाग शर्करेच्या आड दडू शकतो. रेणूच्या गाभ्यातील जलद्वेषी ॲमिनो अम्लाच्या जागी जलस्नेही आले तर गाभा सैल होतो. मात्र सर्व स्थाने सारख्या महत्त्वाची नसतात. राणीखेत व्हायरसाच्या एचएन प्रथिनातील शर्करास्थाने एकेक करून बदलून पाहिली असता काही बदल रेणूने सोसले, तर काहींमुळे त्याच्या कार्यात बिघाड झाला. इन्फ्ल्यूएंझाच्या हीमॅग्लुटिनिनाविषयी मेरी-जेन गेथिंग, जो सॅमब्रूक व सहकारी यांनी १९८६ मध्ये घडी व वहन यांचा संबंध दाखवून दिला : ज्या उत्परिवर्ती रेणूंची घडी नीट पडत नाही, ते जालिकेतच अडकून राहतात.

वहन अडविणारे उत्परिवर्तन : या विषयातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कोंबड्यांच्या व्हायरसाचे नसून गुरांच्या तोंडावर व खुरांजवळ फोड आणणाऱ्या पुटिकामय मुखशोथाच्या व्हायरसाचे आहे. हा रोग अमेरिका खंडांतील. पण त्याच्या व्हायरसाचा एक जवळचा नातलग महाराष्ट्रात सापडलेला आहे. नागपूर येथे १९६५ मध्ये तापाच्या साथीत दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा व्हायरस वेगळा करण्यात आला. पुण्याच्या व्हायरस संशोधन केंद्रातील (स्थापना १९५२, १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) भट्ट व रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व नागपुरातील वस्तीवरून त्याला चंडिपुरा हे नाव मिळाले. वालुमक्षिकांमार्फत पसरणारा हा व्हायरस दीर्घकाळ निरुपद्रवी समजला जात असे. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांना मस्तिष्कशोथ (मेंदूचा दाह) होऊन ३२९ पैकी १८३ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे खरे स्वरूप दिसून आले. विदर्भातही त्याचे रुग्ण आढळले आहेत आणि २०२४ मध्ये गुजरातेत त्याची पुन्हा साथ आली. चंडिपुरा व मुखशोथाचा व्हायरस या दोहोंच्या वेष्टनावर जी नावाचे एकच ग्लायकोप्रथिन असते आणि चिकटणे व संमीलन ही दोन्ही कामे तेच करते.

मुखशोथ व्हायरसाचा टीएस–०४५ हा प्रयोगशाळेतील उत्परिवर्ती प्रभेद ३२° से. तापमानाला चांगला वाढतो, पण सु. ४०° से. तापमानाला त्याची वाढ थांबते. उच्च तापमानाला त्याचे जी प्रथिन तयार होते, मात्र त्याची घडी नीट पडत नाही व ते अंतःप्राकल जालिकेत अडकून राहते. तापमान उतरविले की अडकलेले रेणू पुन्हा नीट घडी घेतात आणि जणू दार उघडल्याप्रमाणे एकदम गॉल्जी यंत्रणेकडे व तेथून पृष्ठाकडे निघतात. गॅलिओनी व रोझ यांनी १९८५ मध्ये दाखविले की, वहनातील या दोषाला एकाच ॲमिनो अम्लाचा बदल कारणीभूत आहे : २०४ क्रमांकाच्या फिनिलॲलॅनिनाच्या जागी सेरीन आलेले आहे. फिनिलॲलॅनीन जलद्वेषी, तर सेरीन जलस्नेही. सुमारे ५०० ॲमिनो अम्लांच्या साखळीतील एवढ्या फरकाने रेणूचा प्रवास थांबतो.

व्हायरसाच्या दृष्टीने हा दोष असला, तरी संशोधकांना तो वरदान ठरला. तापमान बदलून प्रथिनांची एक तुकडी एकाच क्षणी मार्गाला लावता येत असल्याने कोशिकेतील वाहतूक टप्प्याटप्प्याने पाहता आली. १९९० नंतरच्या दशकात या प्रथिनाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडून जिवंत कोशिकेत त्याचा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहण्यात आला. कोशिकांतर्गत पिशव्यांच्या वाहतुकीवरील संशोधनाबद्दल २०१३ चे नोबेल पारितोषिक रँडी शेकमन व टोमास स्यूडहोफ यांच्यासह मिळविणारे जेम्स रॉथमन यांनीही आपल्या मूळ प्रयोगांत मुखशोथ व्हायरसाचे जी प्रथिनच वापरले होते.

घडी नीट असूनही वहन बिघडू शकते. ग्लायकोप्रथिनाचे जे आखूड पुच्छ पटलाच्या आतल्या बाजूस, कोशिकाद्रव्यात लोंबते, त्यावर पत्त्यासारख्या खुणा असतात. जी प्रथिनाच्या पुच्छावर दोन अम्लधर्मी ॲमिनो अम्लांची एक जोडी असून ती बदलली तर रेणू जालिकेतून बाहेर पडण्यास विलंब लागतो. कोविड–१९ च्या व्हायरसाचे कण जालिका व गॉल्जी यंत्रणा यांमधील भागात जुळतात; त्याच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनाच्या पुच्छावर त्याला मागे वळविणारी खूण असते आणि पुच्छाचे टोक छाटले तर हे प्रथिन कोशिकेच्या पृष्ठावर अधिक प्रमाणात पोहोचते. राणीखेत व्हायरसाच्या एफ प्रथिनाच्या पुच्छातील विशिष्ट टायरोसिने बदलली असता संमीलनाची क्रिया वाढते, असेही प्रयोगांत दिसले आहे.

कापणीचे स्थान : एफ प्रथिन प्रथम एकसंध पूर्वगामी रेणूच्या स्वरूपात तयार होते व त्या स्वरूपात ते निकामी असते. सापळा आहे, पण कमान ताणलेली नाही, अशी ही अवस्था होय. ११६ व ११७ या क्रमांकांच्या ॲमिनो अम्लांमध्ये त्याची कापणी झाली म्हणजे दोन तुकडे होतात. ते गंधकबंधाने एकत्रच राहतात, परंतु मोठ्या तुकड्याचे नवे टोक आता पटलात रुतण्यास सिद्ध होते. ही कापणी व्हायरस स्वतः करीत नाही. पक्ष्याची एंझाइमे करतात. पश्चिम जर्मनीत गीसेन येथे नागाई, क्लेंक व रोट यांनी १९७६ मध्ये दाखविले की, उग्र प्रभेदांचे एफ अनेक प्रकारच्या कोशिकांत कापले जाते, सौम्य प्रभेदांचे मात्र मोजक्याच कोशिकांत. पुढे जनुकांचे वाचन शक्य झाल्यावर याचे कारण उमगले.

सौम्य लासोटा प्रभेदात ११२ ते ११७ या स्थानांवर ग्लायसीन, आर्जिनीन, ग्लुटामीन, ग्लायसीन, आर्जिनीन, ल्युसीन असा क्रम आहे. उग्र प्रभेदांत तेथे सामान्यतः आर्जिनीन, आर्जिनीन, ग्लुटामीन, लायसीन (किंवा आर्जिनीन), आर्जिनीन, फिनिलॲलॅनीन असा क्रम सापडतो. म्हणजे सौम्य प्रभेदात कापण्याच्या जागी क्षारधर्मी ॲमिनो अम्ले सुटी आहेत, तर उग्र प्रभेदात ती गर्दी करून आहेत. गॉल्जी यंत्रणेच्या शेवटच्या भागात राहणारे फ्यूरिन हे एंझाइम अशी गर्दी ओळखून तेथे कापते आणि फ्यूरिन शरीरातील जवळजवळ सर्व प्रकारच्या कोशिकांत असते. त्यामुळे उग्र व्हायरसाचे एफ वहनाच्या वाटेवरच कापले जाऊन सज्ज स्थितीत बाहेर पडते, मग ती कोशिका फुप्फुसाची असो, प्लीहेची असो वा मेंदूची. सौम्य व्हायरसाला मात्र ट्रिप्सिनासारख्या एंझाइमांची वाट पाहावी लागते. ती मुख्यतः श्वसनमार्गात व आतड्यात मिळतात; म्हणून संसर्ग तेथेच मर्यादित राहतो, पक्षी फारसा आजारी पडत नाही, पण प्रतिकारशक्ती मिळवितो. मान मुरडणे हे लक्षण कापणीच्या या स्थानाशी असे जोडलेले आहे.

दोन्ही क्रमांमधील अंतर किती, याचा हिशेब उद्बोधक आहे. आनुवंशिक संकेतात ग्वानीन (ग), ॲडेनीन (अ), सायटोसीन (स) व युरॅसील (य) ही चार अक्षरे असून तीन अक्षरांचा एक शब्द एका ॲमिनो अम्लाचा निदर्शक असतो. ‘गगग’ म्हणजे ग्लायसीन. पहिले अक्षर बदलून ‘अगग’ झाले की आर्जिनीन. ‘सयय’ म्हणजे ल्युसीन. ‘ययय’ झाले की फिनिलॲलॅनीन. यानुसार दोन ग्लायसिने व एक ल्युसीन बदलण्यास १५ हजारांतील तीन अक्षरांचा फेरफार पुरेसा होईल. असे असूनही लासोटासारखी लस अनेक दशके सुरक्षितपणे वापरली गेली आहे, कारण हे नेमके बदल एकत्र घडून येण्याची शक्यता अतिशय कमी असते. तथापि धोका केवळ कागदावरचा नाही. ऑस्ट्रेलियात १९९८ नंतर उद्‌भवलेल्या उग्र साथींचा माग काढला असता व्हायरस बाहेरून आलेला नसून तेथेच फिरणाऱ्या सौम्य प्रभेदापासून उपजल्याचे आढळले. त्या सौम्य प्रभेदात गर्दीतले एक आर्जिनीन कमी होते व शेवटी ल्युसीन होते; कापणीच्या जागी ग्लायसिनाऐवजी आर्जिनीन आणि ल्युसिनाऐवजी फिनिलॲलॅनीन येताच तो उग्र झाला.

केवळ या सहा अम्लांवरून सर्व काही ठरते असे मात्र समजू नये. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९९९ मध्ये लासोटाच्या जनुकसंचात उग्र प्रभेदाचे कापणीस्थान मुद्दाम घातले. व्हायरसाची उग्रता पुष्कळ वाढली, पण सर्वाधिक उग्र प्रभेदांइतकी झाली नाही. भारतात मोठ्या कोंबड्यांना टोचण्यात येणारी आर–२बी ही लस मुक्तेश्वर प्रभेदापासून बनलेली असून त्या प्रभेदाचे कापणीस्थान उग्र धर्तीचे असले, तरी त्याची उग्रता मध्यम आहे. म्हणूनच ती लहान पिलांना न देता साधारणतः आठ आठवड्यांनंतर देतात. व्हायरसाची इतर प्रथिने उग्रतेत वाटेकरी असतात हाच याचा अर्थ.

इतर व्हायरसांतील कापणी : हाच प्रकार इन्फ्ल्यूएंझात दिसतो. बर्ड फ्लूच्या उग्र एच५एन१ व्हायरसात हीमॅग्लुटिनिनाच्या कापणीस्थानी क्षारधर्मी अम्लांची मालिका असते. भारतात हा रोग प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला व लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मानमोडी व बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी मिळतीजुळती असतात की, नुसत्या डोळ्यांनी त्यांतील फरक करणे कठीण जाते. दोन वेगळ्या कुलांतील व्हायरस एकाच कात्रीचा लाभ घेतात, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

कोविड–१९ च्या व्हायरसाचे काट्याचे प्रथिन १,२७३ ॲमिनो अम्लांचे असून त्यावर ॲस्परजिनास जोडलेल्या शर्करांची २२ स्थाने आहेत आणि फ्यूरिनाला ओळखता येणारा पट्टा ६८१ ते ६८५ या स्थानांवर आहे. महाराष्ट्रातील दुसऱ्या लाटेतील नमुन्यांचा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील सारा चेरियन व सहकारी यांनी अभ्यास केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४५२, ४७८, ४८४ व ६८१ या स्थानांवरील उत्परिवर्तने ठळकपणे आढळली. त्यांपैकी ६८१ या स्थानी प्रोलिनाच्या जागी आर्जिनीन आले होते; त्याला एकाच अक्षराचा बदल पुरतो. त्यामुळे कापणी अधिक सुकर होऊन कोशिकांचे परस्परांशी संमीलन वाढते, असे प्रयोगांवरून दिसून आले. या प्रकारापैकी एका शाखेस जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी डेल्टा असे नाव दिले. त्यानंतर आलेल्या ओमिक्रॉन प्रकारातही ६८१ या स्थानी क्षारधर्मी हिस्टिडीन होते, तरी त्याच्या काट्याची कापणी डेल्टापेक्षा कमी होत असल्याचे आढळले. आर–२बी लशीच्या उदाहरणाशी हे जुळते : एका स्थानावरून संपूर्ण रेणूचे भाकीत करणे धाडसाचे ठरते.

लस व उष्णता : मानमोडीवर औषध नाही, लस हाच उपाय आहे. महाराष्ट्रात तिचे उत्पादन पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत होत आले आहे. या जिवंत लशी २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात. शेडीतील हजारो पक्ष्यांना एकाच दिवशी लस देता येते. वाडीवरील स्थिती निराळी असते. कोंबड्या विखुरलेल्या, वेगवेगळ्या वयाच्या व दिवसभर मोकळ्या असतात. एका कुपीतील लस शेकडो पक्ष्यांपुरती असते व एकदा कालविली की थोड्या वेळातच संपवावी लागते. कर्जतकडील उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या आसपास जातो आणि डोंगरवाटेने नेताना बर्फ टिकत नाही. लस निकामी होते ती बहुधा दिसूनही येत नाही. थेंब डोळ्यात पडतो, पण प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. मग ‘लस देऊनही कोंबड्या मेल्या’ असा अनुभव येतो व पुढच्या खेपेस लस घेण्यास लोक नाखूश असतात.

येथेही प्रश्न ग्लायकोप्रथिनाच्या घडीचाच आहे. १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये व्ही–४ हा सौम्य प्रभेद मिळाला. तो व पुढे निवडलेला आय–२ हा प्रभेद उष्णता बऱ्याच प्रमाणात सहन करतात. खेड्यांतील कोंबड्यांसाठी आय–२ लशीचा वापर आफ्रिका व आशियातील अनेक देशांत झाला आहे. उष्णता सोसण्याचा हा गुण मोठ्या प्रमाणात एचएन प्रथिनावर अवलंबून असल्याचे उष्णतासह व उष्णताभीरू प्रभेदांची जनुके परस्परांत बदलून केलेल्या प्रयोगांत दिसून आले. व्ही–४ चे एचएन आणखी एका दृष्टीने लक्षणीय आहे. बहुतेक उग्र प्रभेदांत ते ५७१ व लासोटात ५७७ ॲमिनो अम्लांचे असते, तर व्ही–४ मध्ये साखळी थांबविणारा संकेत पुढे सरकल्यामुळे ती ६१६ पर्यंत लांबते. हे जादा टोक कापले जाईपर्यंत एचएनचे कार्य सुरू होत नाही. अशा रीतीने या प्रभेदात दोन्ही ग्लायकोप्रथिनांना बाहेरच्या कात्रीची गरज लागते व त्याच्या सौम्यतेस हेही साहाय्यक ठरते.

लासोटा प्रभेद १९४६ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मिळालेला आहे. त्यानंतर निसर्गातील व्हायरसांची एफ व एचएन प्रथिने हळूहळू बदलत गेली. भारतात अलीकडे आढळलेले उग्र व्हायरस लासोटाहून वेगळ्या, सातव्या व तेराव्या जनुकीय गटांतील आहेत. सर्व गटांचा रक्तरसीय प्रकार एकच असल्याने जुनी लस पक्ष्याचा जीव वाचविते. मात्र लस घेतलेला पक्षी बाहेरून निरोगी दिसत असताही काही काळ उग्र व्हायरस विष्ठेतून व स्रावांतून बाहेर टाकू शकतो. शेडीतून विकत घेतलेला किंवा आठवडी बाजारातून आणलेला असा पक्षी लस न दिलेल्या गावठी कोंबड्यांत सोडला गेला की तेथे रोग उद्‌भवतो. त्यामुळे नवा पक्षी काही दिवस वेगळा ठेवणे आणि मेलेले पक्षी ओढ्यात न टाकता चुना घालून पुरणे, यांना लशीइतकेच महत्त्व आहे.

रोगाची उग्रता ठरविण्यासाठी एक दिवसाच्या पिलांच्या मेंदूत व्हायरस टोचून आठ दिवस निरीक्षण करण्याची पद्धत आहे. तिच्यात ० ते २ असा गुणांक काढतात व तो ०·७ किंवा अधिक आल्यास व्हायरस उग्र मानतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या चाचणीऐवजी एफ प्रथिनाच्या कापणीस्थानाचा क्रम वाचूनही तोच निर्णय देता येतो : ११३ ते ११६ या स्थानांवर किमान तीन आर्जिनिने किंवा लायसिने व ११७ या स्थानी फिनिलॲलॅनीन असल्यास व्हायरस उग्र ठरतो. वाडीवर एकाएकी मर सुरू झाल्यास मेलेले पक्षी न उघडता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे लागते. तेथून नमुने बर्फात घालून पुण्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेकडे व बर्ड फ्लूचा संशय असल्यास भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. [→ कोंबडी, प्रथिने].